घरोघरी रसायन : घोड्याच्या उवा आणि चौदावा दिवस



या सदरात आम्ही एरवी पितळेची भांडी, हळदीचे डाग, लोणच्याचे मीठ अशा घरातल्या गोष्टींविषयी लिहितो. या वेळी घोडा आला आहे. वाचकांनी दचकू नये. आपल्या मंडळातील निदान दहा-बारा घरांतल्या मुली (आणि दोन मुलगे) शनिवारी सकाळी मराठी शाळा आटोपून दुपारी घोडेस्वारी शिकायला जातात. एका कुटुंबाने तर एक पोनी निम्म्या भाड्याने घेतली आहे. यंदा थंडी सरता सरता त्यांच्या बार्नमधून पालकांना चिठ्ठी आली : ‘आमच्या चार घोड्यांना उवा झाल्या आहेत, औषधोपचार सुरू करीत आहोत.’ चिठ्ठी आली आणि आमचा फोन वाजू लागला.

कोणी विचारले, मुलीच्या केसांत येतील का? कोणी विचारले, क्लास बंद करावा का? भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या एका आजींनी फोनच्या मागून आवाज दिला, ‘तिकडे सीताफळाच्या बिया मिळतात का विचार गं!’ आणि एका गृहस्थांनी जरा हळू आवाजात विचारले की, घोड्याला लावायचे औषध मोठ्या बाटलीत स्वस्त मिळते, त्यातही पर्मेथ्रिनच असते, तर तेच पाणी घालून मुलीच्या केसांना लावायला काय हरकत आहे?

हा शेवटचा प्रश्न आला, म्हणून हा लेख लिहावा लागला. आम्ही रसायनशास्त्राचे, पशुवैद्य नव्हे. घोड्याच्या प्रकृतीचा निर्णय व्हेटचाच. पण बाटलीत काय आहे, ते कसे काम करते आणि कुठे कमी पडते, एवढे आम्ही सांगू शकतो.

पहिला प्रश्न : मुलीला होतील का?

नाही. ऊ हा फार चोखंदळ प्राणी आहे. माणसाची ऊ माणसावर, घोड्याची घोड्यावर. तिचे पाय, तिची पकड, तिचे खाणे सगळे एकाच प्रकारच्या यजमानासाठी घडलेले असते. खरारा करताना एखादी ऊ मुलीच्या बाहीवर किंवा हातावर येईल, थोडी वळवळेल, पण तिथे तिला संसार मांडता येत नाही. घरी येऊन कपडे बदलले, हात धुतले की झाले. उलट दिशेनेही तेच. मुलीच्या डोक्यात उवा असल्या तरी त्या घोड्याला होत नाहीत. गाढवाचा मात्र अपवाद समजा. तो घोड्याचा भाऊबंद असल्यामुळे उवांची देवघेव त्यांच्यात होऊ शकते. बार्नमध्ये गाढव असेल तर त्यालाही या हिशेबात धरायला हवे.

मुलीच्या केसांत उवा सापडल्याच, तर त्या दुसऱ्या मुलांकडून आल्या आहेत. त्याचा दोष पोनीच्या माथी मारू नये.

दुसरा प्रश्न : या उवा असतात कशा?

घोड्यावर दोन जातीच्या उवा आढळतात आणि त्यांतला फरक कळणे महत्त्वाचे आहे, कारण औषध त्यावर ठरते.

पहिली कुरतडणारी. शास्त्रीय नाव बोव्हिकोला इक्वी. एक-दोन मिलिमीटरची, पिवळट तपकिरी, डोके रुंद आणि बोथट. ती रक्त पीत नाही. कातडीवरचा कोंडा आणि मृत पापुद्रे खाते. मान, खांदे, कुशी आणि शेपटीच्या मुळाशी ती सापडते.

दुसरी रक्त शोषणारी. हीमॅटोपायनस असिनी. तिच्याहून मोठी, सुमारे तीन मिलिमीटरची, डोके निमुळते. ती आयाळीच्या आणि शेपटीच्या मुळाशी आणि खुरांच्या वरच्या लांब केसांत राहते. ही फार झाली तर शिंगराला किंवा अशक्त घोड्याला रक्तक्षय होऊ शकतो.

थंडीच्या शेवटी दोन्ही वाढतात. घोड्याची लव तेव्हा लांब आणि दाट असते, अंगावर झूल असते आणि घोडे आत एकमेकांजवळ उभे असतात. उन्हाळ्यात लव झडली, ऊन लागले की संख्या आपोआप कमी होते. ‘मेमध्ये जातील आपोआप’ असे बार्नमधले जुने लोक म्हणतात ते यामुळेच. पण उरलेल्या थोड्या उवा पुढच्या थंडीची वाट पाहत राहतात.

ओळखायचे कसे? घोडा खांबाला, कुंपणाला अंग घासतो. स्वतःच्या कुशीला चावतो. लव विस्कटते, ठिकठिकाणी टक्कल पडते. पण ही लक्षणे खरजेची, बुरशीची किंवा चावऱ्या माश्यांच्या ॲलर्जीचीही असू शकतात. म्हणून आधी पाहावे, मग औषध आणावे. चांगल्या उजेडात आयाळीखालची लव बोटांनी बाजूला करावी, भिंग घ्यावे. किंवा आपली जुनी फणी घेऊन कोंडा पांढऱ्या कागदावर झटकावा. कोंडा पडून राहतो, ऊ चालू लागते. केसाला घट्ट चिकटलेले, फुंकरीने न उडणारे पांढरट ठिपके म्हणजे लिखा. त्या आजींना हे काम दिले तर त्यांच्याइतके चटकन कोणाला जमणार नाही.

तिसरा प्रश्न : औषध काय?

आता आमचा प्रांत आला. शेवंतीच्या कुळातले एक पांढरे फूल आहे. त्याच्या वाळवलेल्या फुलांत पायरेथ्रिन नावाची द्रव्ये असतात आणि कीटकांना ती घातक असतात. डासांच्या उदबत्तीत याच घराण्यातली रसायने असतात. पायरेथ्रिनची अडचण अशी की, उन्हात ते लवकर मोडते. इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे मायकेल इलियट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच रचनेवरून असा रेणू तयार केला की जो उन्हात टिकेल. १९७३ साली जाहीर झालेला तो रेणू म्हणजे पर्मेथ्रिन.

ते काम कसे करते? मज्जातंतूंमध्ये सोडियम आत येण्यासाठी बारीक दारे असतात. दार उघडते, संदेश पुढे जातो, दार मिटते. पर्मेथ्रिन ते दार मिटू देत नाही. संदेश थांबतच नाहीत, ऊ लुळी पडते आणि मरते. माणसाच्या आणि घोड्याच्या शरीरात हे द्रव्य भराभर मोडून बाहेर टाकले जाते, म्हणून योग्य प्रमाणात ते आपल्याला सोसते.

घोड्यासाठी पर्मेथ्रिन किंवा पायरेथ्रिन फवारा, भुकटी किंवा धुण्याचे पाणी अशा रूपांत मिळते. थंडीत घोड्याला भिजवणे बरे नाही, म्हणून बहुधा फवारा किंवा भुकटी वापरतात. औषध कातडीपर्यंत पोचले पाहिजे, नुसते लवेवर बसून उपयोग नाही. यासाठी लांब लव कातरून घेतली तर फार फरक पडतो. काही व्हेट सेलेनियम सल्फाइडचा शांपू सुचवतात. होय, आपल्या कोंड्याच्या शांपूत असते तेच.

‘जंताची पेस्ट देऊन टाकली, उवाही मरतील’ असेही काहीजण म्हणतात. हे अर्धेच खरे आहे. आयव्हरमेक्टिन रक्तातून पसरते. रक्त पिणारी ऊ ते पिते आणि मरते. कुरतडणारी ऊ रक्ताला तोंडच लावत नाही, त्यामुळे तिच्यावर त्याचा भरवसा धरता येत नाही. कोणती ऊ आहे हे आधी पाहा, असे वर सांगितले ते यासाठी.

आणखी एक. २०१२ साली इंग्लंडमध्ये गाढवांवरच्या कुरतडणाऱ्या उवांचा अभ्यास झाला, तेव्हा पर्मेथ्रिनसारख्या औषधांना त्या दाद देत नाहीत असे आढळले. एकच औषध वर्षानुवर्षे आणि अर्धवट वापरले की असे होते. दोन वेळा नीट लावूनही उवा हलत असतील तर तेच औषध जास्त ओतू नये, व्हेटला विचारून दुसरे घ्यावे.

चौथा आणि मुख्य : चौदावा दिवस

एवढ्या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही.

ही औषधे उवा मारतात, लिखा मारत नाहीत. लिखेचे कवच जाड असते आणि आत अजून मज्जातंतू पुरते तयार झालेले नसतात. त्यामुळे पहिल्या दिवशी औषध लावले की घोडा दोन दिवसांत शांत होतो, घासणे थांबते, आपण निःश्वास टाकतो आणि बाटली फळीवर ठेवून देतो. इकडे लिखा केसांना चिकटून वेळेची वाट पाहत असतात.

हिशेब सोपा आहे. लीख फुटायला साधारण एक ते तीन आठवडे लागतात. बाहेर आलेल्या पिलाला स्वतः अंडी घालण्याइतके मोठे व्हायला आणखी दोन-तीन आठवडे. चौदाव्या दिवशी दुसऱ्यांदा औषध लावले, तर बहुतेक लिखा फुटलेल्या असतात आणि नव्या उवांनी अजून अंडी घातलेली नसतात. म्हणजे पिढीची साखळी तिथेच तुटते. चार दिवसांनी लावले तर बऱ्याच लिखा अजून बंद, औषध फुकट. सहा आठवड्यांनी लावले तर नवी अंडी तयार, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. रक्त शोषणाऱ्या उवेच्या लिखा काहीशा उशिरा फुटतात, म्हणून तिच्यासाठी व्हेट कधीकधी आणखी दोन आठवड्यांनी तिसरी वेळही सांगतात. बाटलीच्या लेबलवर वेगळे अंतर दिले असेल तर लेबलचे ऐकावे.

आणि हे सगळ्या घोड्यांना, एकाच दिवशी. चार घोडे खाजवतात म्हणून चौघांनाच औषध लावले तर शेजारचा पाचवा, जो अजून खाजवत नाही, तो उवा जपून ठेवतो आणि महिन्याने परत वाटतो.

पाचवा प्रश्न : झूल, खोगीर, ब्रश यांचे काय?

घोड्याच्या अंगावरून पडलेली ऊ बहुधा आठवडाभरात मरते. थंड, दमट जागी दोन-तीन आठवडेही तग धरू शकते. म्हणून :

१. झूल आणि खोगिराखालचे कापड गरम पाण्यात धुऊन ड्रायरमध्ये कडक वाळवावे. मशीनमध्ये मावत नसेल ते प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशवीत घट्ट बांधून तीन आठवडे बाजूला ठेवावे.

२. ब्रश, खराऱ्याचे साहित्य गरम साबणाच्या पाण्यात धुवावे. यापुढे प्रत्येक घोड्याचे वेगळे. मुलींना हे पटकन पटते. रंगीत चिकटपट्टी लावली की काम झाले.

३. औषध लावल्यावर धुतलेलीच झूल घालावी. नाहीतर अंघोळ करून मळके कपडे घातल्यासारखे होईल.

४. नवा घोडा आला की त्याला दोन-तीन आठवडे वेगळे ठेवून तपासावे.

हे मात्र करू नये

घोड्याचे औषध मुलांच्या डोक्याला लावू नये. मुलांच्या उवांसाठी दुकानात मिळणाऱ्या औषधात पर्मेथ्रिन १ टक्का असते. घोड्यांच्या आणि गुरांच्या औषधाच्या बाटल्यांत पुष्कळदा १० टक्क्यांचा अर्क असतो आणि तो पेट्रोलियमच्या द्रावकात विरघळवलेला असतो. पाणी घालून टक्केवारी कमी होईल. द्रावक तसाच राहील. तो मुलांच्या कातडीला, डोळ्यांना आणि फुफ्फुसांना बाधतो. नाव एक असले म्हणजे औषध एक होत नाही. अमेरिकेत कीटकनाशक लेबलवर दिल्याहून वेगळ्या प्रकारे वापरणे हा कायद्याचाही भंग आहे.

घोड्याची आयव्हरमेक्टिनची पेस्टही तशीच. तिची एक नळी साधारण ५६५ किलोच्या जनावरासाठी असते. २०२१ साली करोनाच्या भीतीने लोकांनी ती स्वतः खाल्ली, तेव्हा अन्न व औषध प्रशासनाला ‘तुम्ही घोडा नाही’ असे जाहीरपणे सांगावे लागले होते.

घरात मांजर असेल तर विशेष जपावे. पर्मेथ्रिन मोडायला जे रसायन लागते ते मांजराच्या यकृतात फार कमी असते. आपल्याला आणि घोड्याला जे सोसते त्याने मांजराला झटके येतात, ते दगावूही शकते. ओल्या औषधाचे कपडे थेट धुण्याच्या मशीनमध्ये टाकावेत, सोफ्यावर नाही. बार्नमधल्या मांजरांना औषध वाळेपर्यंत दूर ठेवावे.

उरलेले औषध किंवा धुतलेले पाणी ओढ्यात, तळ्यात किंवा गटारात ओतू नये. माशांना आणि मधमाश्यांना ते अत्यंत विषारी आहे.

आजींच्या सीताफळाच्या बियांविषयी : त्या पुडीने उवा मरतात हे खरे. पण ती डोळ्यांत गेली तर बुबुळाला इजा होते, असे रुग्ण भारतातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत. रॉकेलने कातडी भाजते, आग लागण्याची भीती वेगळीच. आणि भारतातून कोणी जुनी गॅमेक्झिन पावडर आणली असेल तर ती अजिबात बाहेर काढू नये. त्यातले लिंडेन मज्जासंस्थेवर परिणाम करते. कॅलिफोर्नियाने माणसांवर औषध म्हणून ते २००२ पासून बंद केले. जुन्या उपायांपैकी फणी तेवढी निर्धोक आहे. ती वापरावी.

कोणी चुकून औषध प्याले, डोळ्यांत गेले, तर अमेरिकेत कुठूनही १-८००-२२२-१२२२ या विषबाधा केंद्राच्या क्रमांकावर लगेच विचारावे. फोन फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो.

शेवटी थोडे माणसांविषयी

चिठ्ठीनंतर आपल्यातल्या दोन घरांनी काही न सांगता मुलींना पाठवणे बंद केले. एका दहा वर्षांच्या मुलीला, जी दोन वर्षे एकाच पोनीवर शिकते आहे, तिला हात लावायचा नाही असे घरी सांगितले गेले. कारण विचारायची तिला सोय नाही. आईवडिलांची भीती आम्हाला समजते. आपल्याकडे उवा म्हटले की अस्वच्छता, आणि अस्वच्छता म्हटले की ‘लोक काय म्हणतील’. शाळेतून उवांची चिठ्ठी आली की आपण ती दाराआड वाचतो आणि शेजारच्या मराठी घराला कळू देत नाही. इथे परके म्हणून राहताना ही लाज दुप्पट होते.

पण उवांचा स्वच्छतेशी फारसा संबंध नाही. रोज खरारा होणाऱ्या घोड्यालाही त्या होतात, तेल लावून वेणी घातलेल्या डोक्यातही होतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ सालच्या आपल्या सल्ल्यात उवांसाठी मुलांना शाळेतून घरी पाठवू नये असे सांगितले आहे. उवा टिकतात त्या लपवल्यामुळे. शेजारच्याला कळत नाही, तो तपासत नाही, चौदाव्या दिवशी तो गैरहजर असतो आणि साखळी चालू राहते. बार्नमालकिणीने चिठ्ठी पाठवली, यात त्यांचा कमीपणा नव्हता. त्यांनी लपवले असते तर ती काळजीची गोष्ट होती.

आणि आणखी एक लाभ झाला. चौघांत सर्वांत जास्त उवा एका म्हाताऱ्या पोनीच्या अंगावर होत्या. म्हाताऱ्या, आजारी किंवा कमी खाणाऱ्या घोड्यावर त्या जास्त वाढतात, म्हणून व्हेटने तिचे रक्त तपासले. वयस्क घोड्यांना मेंदूतल्या ग्रंथीचा एक विकार होतो. त्यात लव झडतच नाही आणि प्रतिकारशक्ती मंदावते. तोच निघाला. त्यावर आता रोजची गोळी सुरू आहे. उवा दिसल्या नसत्या तर लांब लव म्हणजे थंडीची लव, असेच सगळे समजत राहिले असते.

ती पोनी म्हणजे वर सांगितलेल्या मुलीचीच. तिला भेटायला जाऊ द्यावे, ही आमची विनंती.

पहिली वेळ २२ मार्चला झाली. चौदावा दिवस ५ एप्रिल. त्या दिवशी बार्नमध्ये एकवीस घोडे, एक गाढव आणि पुष्कळ झुली असतील आणि काम करणारे हात थोडे. ज्या पालकांना शक्य आहे त्यांनी सकाळी नऊपर्यंत जुने, लांब बाह्यांचे कपडे आणि रबरी हातमोजे घेऊन यावे. औषध मोठ्यांनीच लावायचे आहे; मुलांना ब्रश धुण्याचे आणि पिशव्यांना तारखा लावण्याचे काम देऊ. ज्यांच्या घरी मोठा ड्रायर आहे त्यांनी आधी कळवावे. दुपारच्या वरणभाताची जबाबदारी दोन काकूंनी घेतली आहे. हात धुतल्याशिवाय पान मिळणार नाही, असा त्यांचा निरोप आहे.

पुढील अंकात : तांब्याच्या तांब्यातले पाणी, किती खरे किती खोटे. प्रश्न नेहमीप्रमाणे मराठी शाळेतल्या पेटीत टाकावेत. नाव लिहिले नाही तरी चालेल.

आपले,
घरोघरी रसायन